आपा, तू ते पान खाल्लंस

प्रिय आपा,

वयाने तू माझ्या मुलीएवढी. पण बांगलादेशात कुतुपालोंगच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत सगळ्या बाया तुला आपाच म्हणायच्या, म्हणून मीही म्हणते. तुला मराठी वाचता यायचं नाही. फोनवर हिंदीत वाचून दाखवीन. तरी हे चारचौघांत लिहायचंच होतं.

2019 चा जून. पावसाने टेकडीच्या मातीच्या पायऱ्या वाहून गेलेल्या. ताडपत्रीच्या झोपडीत आठव्या महिन्यातली ती पोर डोकं गच्च धरून बसलेली. पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. बीपी 180/110. माझ्या पोटात गोळाच आला. आकडी कधी येईल नेम नव्हता.

आदल्याच दिवशी ती एका दवाखान्यात जाऊन आली होती. सकाळभर रांग, मग कार्डावरून दरडावणी, हातावर डोकेदुखीच्या गोळ्या, की चल घरी. दंडाला पट्टा बांधून बीपी बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढीही तिला कुणी दिली नाहीत. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सासू दार अडवून बसली. तिचंही काय चुकलं? तिकडे म्यानमारमध्ये, मंगडू-बुथिडाँगला रोहिंग्यांवर दोनच मुलांची सक्ती होती, गाव ओलांडायचं तरी परवानगी लागायची. सरकारी माणूस आला की पोटातलं मूल लपवायचं, हेच ती शिकलेली. मी मात्र तिच्यावर आवाज चढवला. मराठवाड्यात वीस वर्षं बाळंतपणं केली. कळा देणाऱ्या बाईवर खेकसायचं हाच आमच्या लेबर रूमचा रिवाज, आणि मीही खेकसले आहे.

तू चपला काढल्यास आणि म्हातारीशेजारी ओल्या जमिनीवर बसलीस. चितगावची तू, तुमच्या बोली जवळच्या. तिने सवयीने पान पुढे केलं. घरात काही नसलं तरी आल्यागेल्याला पान. मला वाटलं, ही काय वेळ आहे? तू दोन्ही हातांनी घेतलंस, तोंडात ठेवलंस आणि म्हणालीस, "नानी, तुम्ही सोबत आलात तरच मी तिला नेते." म्हातारी उठली. सुनेची ओढणी तिने स्वतः सारखी केली.

बांबूला चादर बांधून पोरांनी तिला खाली उतरवलं. पहाटे मुलगी झाली. दोघी वाचल्या.

औषधं माझ्याही पिशवीत होती गं. त्या घरात ती चालली तुझ्यामुळे. त्यानंतर मी लेबर रूममध्ये कुणावर आवाज चढवलेला नाही.

2025 मध्ये मदतीचा निधी आटला आणि छावण्यांतल्या आरोग्यसेवा बंद पडू लागल्याचं वाचलं, तेव्हा पहिली तूच डोळ्यांपुढे आलीस. आता त्या टेकडीवर कोण चढतं?

नानी भेटल्या तर त्यांना माझा सलाम सांग. त्या दिवशी त्यांनी मलाही पान दिलं होतं. मी नको म्हणाले होते.

तुझी,
महाराष्ट्रातली सिस्टर