लॅपटॉपचा बसलेला आवाज मोकळा करून देणाऱ्या तंत्रज्ञांस

स. न. वि. वि.

गाण्याची नि व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकणाऱ्या, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या श्रवणवर्गातर्फे हे जाहीर आभारपत्र आपल्याला लिहीत आहे. आपल्या इच्छेनुसार आपले व दुकानाचे नाव त्यात घातलेले नाही. आपण काय केलेत ते मात्र सविस्तर लिहिते, कारण लॅपटॉपचा आवाज बसला की ‘स्पीकर गेले, बदलून घ्या’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि आम्हालाही दुसऱ्या एका दुकानात तेच सांगण्यात आले होते.

आपण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याऐवजी लॅपटॉप उलटा करून त्याच्या खालच्या जाळ्या पाहिल्यात आणि मऊ, कोरड्या ब्रशने त्यांतली धूळ झाडलीत. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटेल, असे बजावायलाही विसरला नाहीत. स्पीकरची तोंडे खाली असतील तर आवाज टेबलावर आपटून आपल्यापर्यंत येतो, जाड टेबलक्लॉथ मात्र तो पिऊन टाकतो, हे ऐकल्यापासून आमच्या सभागृहातला टेबलक्लॉथ घडी घालून कपाटात गेला आहे. त्यानंतर विंडोज सुरू होण्याआधी चालवता येणारी लॅपटॉप कंपनीची तपासणी आपण लावलीत, आणि आधी डाव्या, मग उजव्या स्पीकरमधून खणखणीत सूर निघाला. स्पीकर शाबूत आहेत, दोष विंडोजच्या आत कुठेतरी आहे, हे तेवढ्यानेच सिद्ध झाले आणि आमचा मोठा खर्च वाचला.

पहिला दोष सापडला तो आमच्या वर्गाच्या रीतीमुळेच उद्भवणारा होता. गुडघेदुखीमुळे जिना उतरू न शकणारे काही सभासद व्हिडिओ कॉलवरून वर्गाला बसतात, म्हणजे ध्वनिमुद्रण वाजत असताना कॉलही चालूच असतो. असा कॉल चालू असल्याचे लक्षात आले की विंडोज बाकीचे आवाज आपण होऊन ८० टक्क्यांनी खाली आणू शकते, आणि ही सोय मुळातच चालू ठेवलेली असते, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. कंट्रोल पॅनलमधल्या ‘साउंड’च्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ या पानावर जाऊन आपण ‘डू नथिंग’, म्हणजे ‘काही करू नको’, हा पर्याय निवडलात. एकीकडे कॉल, दुसरीकडे गाणे, अशी कसरत करणाऱ्या प्रत्येकाने हे पान एकदा उघडून पाहावे. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये ब्राउझरची पट्टी वेगळी असते आणि मुख्य आवाज १०० वर असूनही ती खाली राहू शकते, तेही आपण जाता जाता दाखवलेत.

एवढे करूनही आवाज पातळच येत होता. त्याचे कारण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोज आणि स्पीकर यांची गाठ घालून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, निघाले. एका अपडेटनंतर लॅपटॉप कंपनीच्या ड्रायव्हरची जागा विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरने घेतली होती, आणि इवल्याशा स्पीकरांना पेलेल अशा बेताने कंपनीने आवाजाची जी जुळणी केलेली असते ती त्याबरोबरच नाहीशी झाली होती. हेडफोनला त्या जुळणीची गरज नसल्यामुळे त्यातून गाणे व्यवस्थित ऐकू येत होते. आपण लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवलात, ‘ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणाऱ्या फुकट्या प्रोग्रॅमांपासून दूर राहायला सांगितलेत, आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होताच आवाजाला भरीवपणा आला.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो आपला नकार. आवाज दुप्पट-तिप्पट करणारे एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवून द्या, असा आमच्या एका सभासदांचा आग्रह होता. ध्वनीची पातळी आधीच कमाल मर्यादेला टेकलेली असली की आणखी वाढवल्यावर तिची शिखरे छाटली जातात, आवाज फाटतो आणि लहान स्पीकरवर विनाकारण ताण येतो, हे आपण त्यांना न कंटाळता समजावून सांगितलेत. त्याऐवजी हळू नि मोठे आवाज एका पातळीवर आणणारी ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ ही विंडोजमधली सोय दाखवलीत, पण ती व्याख्यानासाठीच ठेवा, गाण्याच्या वेळी बंद करा, असेही म्हणालात. मला ते लगेच पटले नाही, म्हणून मी घरी एक विलंबित ख्याल दोन्ही प्रकारे लावून पाहिला. ती सोय चालू असताना गायिका श्वास घेण्यासाठी थांबली की तानपुरा एकदम पुढे येई, आणि तिने हळुवार घेतलेला स्वर नि खुला लावलेला स्वर जवळजवळ सारख्याच जोराचे वाटत. गाण्याची जाण असलेला तंत्रज्ञ भेटणे हे आमचे भाग्यच. व्याख्यानाला मात्र ती सोय वरदान आहे, विशेषतः वक्ता माइकपासून लांब उभा असेल तेव्हा.

आपण फक्त तपासणीचे पैसे घेतलेत, त्याची पावती संघाच्या हिशेबात लावली आहे. एक काम मात्र पुन्हा आपल्याकडेच आणते आहे: आमच्या कोषाध्यक्षांच्या लॅपटॉपचा उजवा स्पीकर वाजतच नाही. डाव्या-उजव्या बाजूचा बॅलन्स तपासला, दोन्ही १०० वर आहेत. विंडोजआधीच्या तपासणीतही उजवीकडून काहीच ऐकू आले नाही, तेव्हा या वेळी स्क्रू-ड्रायव्हर लागेल असे दिसते. येत्या सोमवारी सकाळी लॅपटॉप घेऊन येते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
संयोजक, श्रवणवर्ग