पाकिटावरचा ससा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,

स. न. वि. वि.

मी बालवाडीत शिकवते. तीन ते सहा वर्षांची मुलं रोज माझ्यासमोर बसून खातात. गेल्या वर्षी वर्गात एक चिमुरडी होती. बिटाची फोड दिसली की तोंड फिरवायची. आम्ही आग्रह केला नाही, पण फोड ताटलीतून काढलीही नाही. काही दिवसांनी तिने ती बोटाने दाबून पाहिली. मग बोटाला लागलेला रंग शेजारच्या मुलाला दाखवला. मग नुसती चाटून परत ठेवली. साधारण बाराव्या वेळी चावून खाल्ली आणि आणखी एक मागितली.

गोडाची ओढ मुलं जन्मतःच घेऊन येतात. भाज्यांची चव त्यांना शिकावी लागते. नवा पदार्थ आपलासा करायला मूल तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखून बघतं. बहुतेक घरांत मात्र तिसऱ्या-चौथ्या नकारालाच ‘आमच्या बाळाला भाजी आवडतच नाही’ असा निकाल लागून जातो. आईवडिलांना मी बोल लावत नाही. दिवसभर राबून आल्यावर रडणाऱ्या मुलापुढे पुन्हा तेच ठेवायला धीर लागतो, आणि गोड खाऊचं पाकीट तर हाताशीच असतं.

त्या पाकिटासाठीच हे पत्र लिहिते आहे. त्यावर हसरा ससा असतो, आत एखादं खेळणं असतं, आणि साखर किती ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी. ५ टक्क्यांखाली राहिली तर उत्तम. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १३०० कॅलरी लागतात असं धरलं, तर १० टक्के म्हणजे जेमतेम ३२ ग्रॅम साखर. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम असते.

२०२२ साली जगात पाच वर्षांखालची जवळपास ३ कोटी ७० लाख मुलं अतिवजनाची होती. घरोघरी उपदेश करून हा आकडा खाली येणार नाही. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा छापायला लावला, त्यांच्यावरची कार्टूनं काढायला लावली आणि शाळांत त्यांची विक्री बंद केली. आपणही एवढं तरी करावं.

दुसरी मागणी लसीकरणाच्या खोलीची. तिथे मुलाचं वजन-उंची नोंदवतात, पण ते काय खातं, कोणाबरोबर खातं, स्क्रीनसमोर बसून खातं का, हे क्वचितच कुणी विचारतं. तिथल्या परिचारिकेला यासाठी पाच मिनिटं आणि थोडं प्रशिक्षण मिळावं. पोट भरल्यावरही ‘ताट संपव’ म्हणून दटावू नये, गोड हे बक्षीस म्हणून देऊ नये, हे आजीआजोबा तिच्याकडून ऐकतील. माझ्याकडून ऐकत नाहीत.

आणि हे सगळं करताना कुठल्याही मुलाचं वजन चारचौघांत वाचून दाखवलं जाऊ नये. ‘जाड्या’ म्हणून हिणवलेलं मूल लपून खायला लागतं. मी पाहिलं आहे.

यातलं काय आणि कधीपर्यंत करणार, हे आपण जाहीरपणे सांगावं, ही विनंती.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका