‘रोजवूड’ म्हणून पाठवलेल्या लाकडाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘रोजवूड’ नावाने विकलेल्या लाकडाच्या भुशाने झालेली अ‍ॅलर्जी आणि बिलावर लाकडाचे खरे नाव न लिहिल्याबद्दल.

महोदय/महोदया,

मी नाशिकचा सुतार आहे. सातपूरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये माझे वर्कशॉप आहे. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांची दारे-खांब दुरुस्त करत वडिलांच्या हाताखाली शिकलो. साग, शिसव, शिसम, बाभूळ ही लाकडे गेली 31 वर्षे हाताळतो आहे. आता मुख्य काम देव्हाऱ्यांचे.

गंगापूर रोडच्या एका गिऱ्हाइकाला गडद लाकडाचा देव्हारा हवा होता. त्यासाठी आपल्याकडून डिसेंबर 2024 मध्ये सहा फळ्या मागवल्या, 23,600 रुपये आगाऊ भरून. वेबसाइटवर ‘प्रीमियम रोजवूड’ लिहिले होते, बिलावर नुसते ‘रोजवूड’. आमच्याकडे रोजवूड म्हणजे शिसव. शिसवाशी माझी पिढीजात ओळख, म्हणून मी दुसरा काही विचारच केला नाही.

फळ्या सुरेख होत्या हे मान्य करतो. जांभळट तपकिरी रंग, काळ्या रेषा, रंधा मारला की काचेसारखा पृष्ठभाग. फक्त वास शिसवाचा नव्हता. तेव्हाच थांबायला हवे होते, पण डिलिव्हरीची तारीख ठरलेली होती.

आठ दिवस काम नीट चालले. नवव्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पुरळ आले. थंडीने त्वचा कोरडी पडली असेल म्हणून खोबरेल तेल लावले. डिसेंबरात आम्ही शटर अर्धे ओढूनच काम करतो, त्यामुळे भुसा आतच घुमत राहतो. नंतर चार दिवस गावी गेलो आणि पुरळ आपोआप बसले. परत येऊन एकच दिवस सँडरने घासकाम केले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजून बंद, मान आणि कानामागचा भाग लालभडक, हातांवर पाणी भरलेले फोड. रात्री छातीत घरघर सुरू झाली तेव्हा घरचे घाबरले. माझे कामाचे कपडे झटकणाऱ्या बायकोच्याही पापण्यांना खाज सुटली, आणि ती तर वर्कशॉपमध्ये पाऊलही टाकत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, “लाकूड कोणते?” मी म्हणालो, रोजवूड. ते म्हणाले, रोजवूड नावाने बरीच लाकडे विकली जातात, नेमके नाव आणा. त्याच भुशाची चिमूट हातावर लावून बघा असे मी सुचवले, तर त्यांनी साफ नकार दिला. कच्चा भुसा तसा लावला तर अ‍ॅलर्जी आणखी बळावू शकते, असे ते म्हणाले.

नाव मिळवायला मला आपल्या ग्राहक सेवेला तीन फोन करावे लागले. पहिल्यांदा सांगितले, “साहेब, रोजवूडच आहे.” दुसऱ्यांदा सांगितले, “बाकी कोणाची तक्रार नाही.” तिसऱ्यांदा गोडाऊनमधल्या एका भल्या माणसाने सांगितले की माल बोलिव्हियाचा आहे आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव ‘पाउ फेरो’ आहे. म्हणजे नाव आपल्याकडे लिहिलेले होते. माझ्यापर्यंत ते येऊ दिले नाही, आणि माझी तक्रार हीच आहे.

पाउ फेरोचे शास्त्रीय नाव मॅकेरियम स्क्लेरोझायलॉन. बाजारात त्याला ‘सँटोस रोजवूड’ही म्हणतात, पण खऱ्या रोजवूडच्या डाल्बर्जिया या वंशात ते मोडतच नाही. 2 जानेवारी 2017 पासून डाल्बर्जियाची जवळजवळ सगळी झाडे सायटीस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, व्यापाराला कागदपत्रे लागू लागली, आणि पर्याय म्हणून पाउ फेरोची मागणी वाढली. पर्याय विकण्यात गैर काही नाही. पण या लाकडात डाल्बर्जियोन गटातले एक द्रव्य असते आणि त्याने त्वचेची तीव्र अ‍ॅलर्जी होते, हे वैद्यकशास्त्राला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. माहितीत असलेला धोका गिऱ्हाइकाला न सांगणे यात गैर आहे.

“बाकी कोणाची तक्रार नाही” याचे उत्तर आमच्या गावाकडची कोणतीही म्हातारी देईल. बिब्बा सगळ्यांनाच उतत नाही. ज्याला उततो त्याचे अंग सुजते, शेजारच्याला काही होत नाही, म्हणून बिब्बा निर्धोक ठरत नाही. माझ्या पुतण्याने याच फळ्या कटरवर कापल्या, त्याला काहीच झाले नाही. डॉक्टरांनी मला समजावले ते असे: पहिले काही दिवस शरीर त्या द्रव्याची ओळख करून घेते, वरून काही दिसत नाही. एकदा ओळख पटली की मग थोडा भुसाही पुरतो, आणि ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही.

मला सर्वात जास्त लागले ते यापुढचे. शिसवातही त्याच गटातली द्रव्ये असतात. 31 वर्षांत मला शिसवाचा कधी त्रास झाला नव्हता. आता डॉक्टर म्हणतात, शिसव आणि शिसम दोन्हींपासून लांब राहा. वडिलांनी शिसवावर नक्षी कशी उठवायची ते शिकवले होते, ते काम मी आता पुतण्याला लांबून सांगतो. 19 दिवस वर्कशॉप बंद राहिले. देव्हारा वेळेत गेला नाही, आगाऊ रक्कम परत करावी लागली. त्या पैशाचे दुःख पुढेमागे भरून निघेल.

माझीही चूक सांगतो. सुरुवातीला तोंडाला रुमालच बांधला होता, बारीक धूळ गाळणारा एफएफपी2 मास्क नंतर आणला. कोणत्याही लाकडाचा भुसा वाईटच. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने 1995 मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. सागाने अंगाला खाज सुटणारे कारागीर मी पाहिले आहेत, वडील त्यांना सागाच्या कामावर लावत नसत. म्हणजे माहिती असली की माणूस स्वतःला सांभाळतो. आणि मास्क कितीही चांगला असला तरी घामेजलेल्या हातांवर आणि मानेवर बसणारा भुसा तो अडवत नाही. खरे नाव कळले असते तर मी पूर्ण बाह्या घातल्या असत्या, भुसा ओढणारे मशीन लावले असते, किंवा ते लाकूड घेतलेच नसते. उरलेल्या तुकड्यांची लाटणी कातून विकायचा माझा विचार होता. ती कोणाच्या घरी गेली असती, या कल्पनेने अजून अस्वस्थ होतो.

माझे म्हणणे असे आहे. मालाचे 23,600 रुपये आणि औषधोपचाराचा खर्च परत द्या. बिले सोबत जोडली आहेत. आपल्याकडच्या प्रत्येक लाकडाचे शास्त्रीय नाव आणि मूळ देश वेबसाइटवर, बिलावर आणि पॅकिंगवर छापा, आणि भुशाने अ‍ॅलर्जी होऊ शकते ही सूचना मराठीत व हिंदीतही द्या, कारण फळ्या उघडणारे हात बहुतेक इंग्रजी न वाचणारे असतात. हेच लाकूड ज्यांना ज्यांना पाठवले त्यांना फोन करून खरे नाव कळवा. दोन्हींत निवडायची वेळ आली तर मला पैशांपेक्षा ही शेवटची गोष्ट आधी हवी आहे.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये धोक्याची सूचना न देणे हा उत्पादन-दायित्वाचा भाग आहे, आणि स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी माल घेणारा कारागीरही त्या कायद्याने ग्राहकच ठरतो. महिन्यात काही झाले नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

दोन फळ्या अजून अखंड आहेत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शेडच्या बाहेरच्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत. आपली गाडी पाठवून त्या घेऊन जा. उचलायला येणाऱ्या हमालांना हातमोजे द्या, आणि लाकडाचे नाव आधी सांगा.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व फोन सोबतच्या बिलावर आहे)
सातपूर, नाशिक

सोबत: बिलाची प्रत, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांची बिले, हातांचे व चेहऱ्याचे फोटो