युरियाला सबसिडी आहे, मग पाण्यातलं नायट्रेट काढायला का नाही?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावात नळ घरोघरी आलाय, पाणीपट्टीपण वेळेवर भरतोय, तरी प्यायला जार विकत आणावा लागतो कारण पाणीपुरवठ्याची विहीर उसाच्या रानातच आहे. लागण, बाळभरणी, मोठी भरणी, प्रत्येक वेळी युरियाचा डोस आणि वरनं पाटानं भरपूर पाणी, मग युरियाचं मातीत नायट्रेट होऊन ते सगळं झिरपून जाणार कुठं? विहिरीतच ना. विहिरीचा रिपोर्ट आला, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर, "पिण्यास अयोग्य". त्यावर उपाय काय केला तर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वाढवली! टीसीएलनं जंतू मरतात हो, नायट्रेटला काही होत नाही, आणि उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. वास नाही, चव नाही, त्यामुळं कुणाला कळतपण नाही. सहा महिन्याच्या आतल्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर रक्तातनं ऑक्सिजन नीट जात नाही, बाळ निळसर पडतं. ज्याला परवडतं तो जार आणतो, ऊसतोडीला आलेल्या टोळीतली बाई तान्ह्या पोराला हेच पाजते.

लोक म्हणतात शेतकऱ्यांनीच खत कमी टाकावं. बरोबर आहे, टाकावंच, मीपण ऊसवालाच आहे. पण आज कमी केलं तरी जमिनीत मुरलेलं लगेच निघत नाही. आणि ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला मिळतं ते सरकार सबसिडी भरतं म्हणूनच, म्हणजे हे पाण्यात गेलंय तेपण सरकारी पैशानंच, मग काढायला गावानं जारवाल्याला का पैसे द्यायचे?

जलजीवन मिशनमध्ये आर्सेनिक आणि फ्लोराइडच्या गावांना माणशी रोज ८ ते १० लिटर शुद्ध पाणी देणारे प्लांट बसवा असं राज्यांना सांगितलंय, त्यात नायट्रेटची गावंपण धरा एवढीच मागणी आहे. आणि नुसता आरओ बसवून फीत कापू नका. मेंब्रेन बदलायला, लाइट बिलाला, ऑपरेटरच्या पगाराला पैसे नसले की प्लांटला कुलूप लागतं, हे आसपासच्या गावात बघितलंय. निदान पाच वर्षाचा चालवायचा खर्च एस्टिमेटमध्येच धरा, वित्त आयोगाच्या बंधित निधीतनं, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेल्या पैशातनं द्या, आणि आरओचं टाकाऊ पाणी परत त्याच विहिरीकडं जाणार नाही हेपण बघा. जिल्हा परिषदेनं उसपट्ट्यातल्या सगळ्या विहिरींचे रासायनिक तपासणीचे रिपोर्ट चावडीवर लावायला आधी सुरुवात करावी, त्याला तर नवीन निधीपण लागत नाही.

– एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली