४३ इंची ४के टीव्ही जाहिरातीप्रमाणे नसल्याने रक्कम परत मिळण्याबाबत

दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या संकेतस्थळावरून घेतलेला ४३ इंची (१०८ सेंमी) ४के स्मार्ट टीव्ही परत घेऊन रु. २३,९९० परत करण्याबाबत

महोदय / महोदया,

वरील टीव्ही १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, धनत्रयोदशीला, आपल्याच संकेतस्थळावरून मागवला. २४ ऑक्टोबरला तो घरी आला, २ नोव्हेंबरला पहिली तक्रार नोंदवली. ११ नोव्हेंबरला आलेल्या तंत्रज्ञाने फॅक्टरी रीसेट केला, सॉफ्टवेअर अपडेट केले आणि जॉबशीटवर ‘सेट ओके’ लिहिले. २६ नोव्हेंबरच्या ईमेलमध्ये आपण कळवले की, सर्व वैशिष्ट्ये मॉडेलच्या माहितीपत्रकाप्रमाणे आहेत. माझी तक्रार त्या माहितीपत्रकाबद्दलच आहे, त्यामुळे या उत्तराने काहीच सुटत नाही.

विक्रीच्या पानावर ठळक अक्षरांत चार गोष्टी होत्या : ‘४के ओटीटी’, ‘एचडीएमआय २.१, तीन पोर्ट, ४के ६० हर्ट्झ’, ‘१२० हर्ट्झ स्मूद मोशन’ आणि ‘एचडीआर १०’. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती चित्रे, एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतला वाढीव पल्ला. टीव्ही कोणता सिग्नल घेतो आणि पडद्यावर काय दाखवतो यात फरक असतो. आपण घेण्याचे आकडे छापले आणि दाखवण्याचे गाळले. काही ठिकाणी तर घेण्याचे आकडेही खरे नाहीत.

सर्वांत मोठी फसगत ओटीटीची. यूट्यूबवर ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ ही तांत्रिक माहितीची पट्टी चालू केली की ३८४० × २१६० दिसते आणि चित्रही स्वच्छ असते. दुकानातला डेमो यूट्यूबवर का दाखवतात ते यावरून कळते. पण रिमोटवर ज्यांची बटणे आहेत त्यांतली पैसे भरून घेतलेली दोन्ही ॲप लावली की चेहऱ्यावरचे केस, झाडाची पाने, मागच्या दुकानाची पाटी सगळे फिसकटते. टीव्हीवरच घेतलेल्या स्पीड टेस्टमध्ये ४२ एमबीपीएस मिळतात आणि ४के साठी १५ पुरतात. दोन्ही ॲपचे प्लॅन ४केचे आहेत. त्याच खात्यांवर, त्याच वायफायवर ४के स्टिक (ओटीटी ॲप चालवणारे छोटे उपकरण) पहिल्या एचडीएमआय पोर्टला लावली की चित्र लख्ख येते. म्हणजे नेट, खाते आणि पॅनेल तिन्ही ठीक आहेत.

दोष वाइडव्हाइनच्या, म्हणजे चित्राची चोरी रोखणाऱ्या कुलूपव्यवस्थेच्या (डीआरएम), पातळीत आहे. पेनड्राइव्हवरून ‘डीआरएम इन्फो’ हे ॲप टीव्हीत टाकून पाहिले, त्यात ‘सिक्युरिटी लेव्हल : एल३’ असे येते (फोटो जोडला आहे). एल१ म्हणजे चित्राचे कुलूप चिपच्या सुरक्षित भागातच उघडते. एल३ म्हणजे ते नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, म्हणून पैसे घेणारी ॲप अशा टीव्हीला सहसा ४८० ओळींपलीकडचे चित्र देत नाहीत. हिशेब साधा आहे. पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल आहेत आणि येणारे चित्र सव्वाचार लाखांच्याही आतले. चित्रातला एक ठिपका पडद्यावरच्या वीस ठिपक्यांत ताणून बसवायचा, मग ते पिठूळ दिसणारच. केबलवरची एसडी वाहिनी ७२० × ५७६ असते, तिचीही गत हीच. म्हणजे महिन्याला ४केचे पैसे भरून आम्ही एसडीच पाहतो आहोत. हे ‘पुढच्या अपडेटमध्ये’ सुटेल असे कृपया कळवू नये. एल१च्या चाव्या सहसा कारखान्यातच चिपमध्ये घातल्या जातात, आणि ॲपवाल्या कंपनीची त्या मॉडेलला मान्यताही लागते. आपल्याकडे ती मान्यता असेल तर मेनबोर्ड बदलून द्या आणि मान्यतेचे पत्र दाखवा.

आपल्या तंत्रज्ञाने सुचवले की स्टिक जोडा, काम भागते. पाच-सहा हजारांची स्टिक घ्यायची असती तर स्मार्ट टीव्ही कशाला घेतला असता, हा प्रश्न सोडून देतो. पण स्टिक जोडायला तरी धड पोर्ट हवेत.

तिन्ही पोर्ट लॅपटॉपने तपासले. केबल एकच, दीड मीटरची, प्रीमियम हायस्पीड. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने गेले की रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट दोन्ही दिसतात. पोर्ट १ वर ३८४० × २१६०, ६० हर्ट्झ. पोर्ट २ आणि ३ वर ३८४० × २१६०, ३० हर्ट्झ, आणि यादीत त्यापुढचा पर्यायच नाही. माउसचा बाण सरकवला तर तो उड्या मारत जातो, मोजायलाही नको. टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय ईडीआयडी (पोर्ट आपली क्षमता लॅपटॉपला कळवतो ती नोंद) १.४ ऐवजी २.० करण्याची सोय आहे, पण ती फक्त पोर्ट १ साठी. उरलेल्या दोन पोर्टवर ती ओळ करडी पडलेली असते. ४के ६० हर्ट्झला १७.८२ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात, १.४ च्या पोर्टची मर्यादा १०.२ आहे, त्यामुळे तिथे ३० वर थांबणे भागच आहे. पोर्ट २ आणि ३ वर एचडीसीपी २.२ (केबलमधून जाणाऱ्या चित्राचे कॉपीपासून संरक्षण) सुद्धा नाही. त्यामुळे तिथे लावलेली स्टिक संरक्षित चित्र ४के मध्ये सोडतच नाही, १०८० वर उतरते.

म्हणजे तीनपैकी एकच पोर्ट कामाचा, आणि साउंडबारसाठीचा एआरसीही (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारी सोय) नेमका त्याच पोर्टला दिला आहे! साउंडबार लावला तर स्टिकला जागा नाही, स्टिक लावली तर आवाज टीव्हीच्या पाठीतून. ‘एचडीएमआय २.१’ या आकड्याचा आधार आपण घेऊ नये. २.१ मधल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक असल्याने नुसत्या आकड्यावरून पोर्टची क्षमता कळत नाही. प्रत्येक पोर्टपुढे ‘४के ६०’ किंवा ‘४के ३०’, एचडीसीपीची आवृत्ती आणि एआरसी आहे की नाही, एवढे छापले तर खरेदीदाराला पुरते.

१२० हर्ट्झचे तर विचारूच नका. पोर्ट १ वर रिझोल्यूशन १९२० × १०८० पर्यंत खाली आणले तरी ६० च्या वर आकडा जात नाही. पॅनेल ६० हर्ट्झचे आहे. ‘स्मूद मोशन’ म्हणजे सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम बनवून घुसवणे, आणि त्याचे १२० हे नाव जाहिरात विभागाचे. बजेट सेटमध्ये ६० हर्ट्झ असण्याला माझी हरकत नाही. हरकत या सेटच्या दुसऱ्या खोडीला आहे. आपल्याकडचे प्रक्षेपण ५० हर्ट्झचे. बातम्यांच्या वाहिनीची खालची सरकती पट्टी पाहा : सेटटॉप बॉक्सवरून ती पाण्यासारखी सरकते, कारण बॉक्सने ५० दिले की पॅनेलही ५० वर येते. आता क्रिकेटचा सामना टीव्हीतल्याच ॲपवर, ५० फ्रेमच्या स्ट्रीमवर लावा. पॅनेल ६० वरच राहते, ५० फ्रेम ६० मध्ये बसवायला दर पाच फ्रेममागे एक दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा अडखळी. गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू वाटेत ठेचकाळतो, कॅमेरा सीमारेषेकडे वळला की प्रेक्षकांच्या रांगा थरथरतात. पॅनेलला ५० जमते हे सेटटॉप बॉक्सने सिद्ध केले आहे, तेव्हा खोट सॉफ्टवेअरची आहे. अँड्रॉइड टीव्हीत ‘मॅच कंटेंट फ्रेम रेट’ अशी सोय असते, ती आपण मेनूतून काढून टाकली आहे. ही एक गोष्ट मात्र अपडेटने खरोखर सुटण्यासारखी आहे.

एचडीआरची तपासणी अशी केली. एकच चित्रफीत एचडीआर १० आणि साधी अशा दोन प्रतींत पेनड्राइव्हवर घेतली. एनर्जी सेव्हर बंद, बॅकलाइट १००, खोलीतले दिवे बंद. एचडीआर प्रत साध्या प्रतीहून काळोखी दिसते. खिडकीपाशी उभ्या माणसाचा चेहरा साध्या प्रतीत ओळखू येतो, एचडीआरमध्ये तो सावलीत बुडतो आणि खालची पांढरी सबटायटल्स तेवढी डोळ्यांत भरतात. कारण आपल्याच ईमेलमध्ये आहे : पॅनेलची चकाकी २५० निट्स (निट हे चकाकीचे एकक). एचडीआर १० चे बरेचसे चित्रपट १००० निट्स गृहीत धरून तयार होतात, आणि त्यात प्रत्येक छटेची चकाकी प्रत्यक्ष निट्समध्ये नेमून दिलेली असते. वरचा भाग २५० मध्ये कोंबायचा तर मधल्या छटाही खाली दाबाव्या लागतात, निदान या सेटने तसे केले आहे. त्यातून बॅकलाइट सरसकट एकच, लोकल डिमिंग (काळा भाग तेवढाच मंद करणे) नाही, म्हणून काळा भागही काळा न राहता राखाडी होतो. असा सेट एचडीआरचा सिग्नल वाचतो एवढेच खरे. निट्सचा आकडा विक्रीच्या पानावर असता तर ‘एचडीआर’ या शब्दाला किती किंमत द्यायची ते ग्राहकाने ठरवले असते.

पानावरच्या ‘१.०७ अब्ज रंगां’वर भांडत नाही. पॅनेल ८ बिट अधिक एफआरसी आहे, म्हणजे शेजारच्या दोन छटा भराभर आलटून पालटून दाखवायच्या. या किमतीत ते चालते आणि फारसे जाणवतही नाही. ८ जीबी स्टोरेजमधले निम्म्याहून अधिक आधीच भरलेले होते, तेही सोडले.

पैशांचा मुद्दा मात्र सोडत नाही. आपलेच ४३ इंची फुल एचडी मॉडेल त्या दिवशी रु. १७,४९० ला होते. त्याच्या पानावर वाइडव्हाइन एल१ असे स्पष्ट लिहिलेले आहे. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक पिक्सेल साधारण अर्धा मिलिमीटर असतो. चांगल्या नजरेच्या माणसालाही पावणेदोन मीटरच्या, म्हणजे साडेपाच-पावणेसहा फुटांच्या पलीकडून तो सुटा दिसत नाही. बैठकीच्या खोलीत सोफा आठ फुटांवर असतो. तिथून ४के आणि फुल एचडी यांतला फरक जवळपास मिटतो, पण १०८० ओळींचे आणि ४८० ओळींचे चित्र यांतला फरक ढळढळीत दिसतो. म्हणजे साडेसहा हजार जास्त मोजून मिळाले ते कमी प्रतीचे चित्र. पानावर खरे छापले असते तर स्वस्त मॉडेल घेतले असते, आणि तेच योग्य ठरले असते. ४के नाव लावून विकलेल्या एल३च्या सेटपेक्षा एल१चा फुल एचडी सेट बजेटवाल्याने डोळे झाकून घ्यावा.

माझी मागणी अशी. टीव्ही आपल्या खर्चाने परत न्यावा आणि रु. २३,९९० मूळ खात्यात १५ दिवसांत जमा करावेत. ते जमत नसेल तर वाइडव्हाइन एल१ आणि एचडीसीपी २.२ सह किमान दोन ४के ६० पोर्ट असलेला, त्यांतला एक एआरसीशिवाय मोकळा राहील असा ४३ इंची सेट वाढीव किंमत न घेता बदलून द्यावा. बदलून देण्याआधी डीआरएमची पातळी आणि प्रत्येक पोर्टची क्षमता लेखी कळवावी, म्हणजे दुसरा सेटही याच तऱ्हेने परत पाठवावा लागणार नाही. आणि विक्रीचे पान दुरुस्त करावे, कारण हे पत्र लिहिताना पाहिले तर तिथे अजून तोच मजकूर आहे.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे आपण या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा यांची व्याख्या आहे, ती आपल्या विधी विभागाला दाखवावी. मुदतीत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून दावा दाखल करीन. दावा माझ्या राहत्या जिल्ह्यात चालू शकतो आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला शुल्क नाही, तेव्हा प्रवासाचा किंवा खर्चाचा अडसर मला नाही.

सोबत बिल, जॉबशीट, २६ नोव्हेंबरचा ईमेल, खरेदीच्या दिवशीच्या विक्री-पानाचे स्क्रीनशॉट, तिन्ही पोर्टच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेचे फोटो, डीआरएम इन्फोचा फोटो आणि ॲप व सेटटॉप बॉक्सवरच्या सरकत्या पट्टीचा प्रत्येकी २० सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे.

मूळ खोका, दोन्ही बाजूंचे थर्मोकोल, स्टँडचे पाय, चार स्क्रू आणि रिमोट जपून ठेवले आहेत. न्यायला दोन माणसे पाठवावीत : घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि हा सेट आडवा झोपवून नेला तर पॅनेलला तडा जाऊ शकतो. मागच्या वेळी एकटा मुलगा आला होता, जिन्यात खोका आम्ही धरला.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक जोडलेल्या बिलावर आहेत)