वाड्याची ग्रामसभा कायद्यातच हवी

माननीय संपादक,

गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची वाट मोकळी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत दहा टक्क्यांहून थोडे अधिक असलेल्या या समाजाला ४० जागांच्या सभागृहात एकही राखीव जागा नव्हती. त्यामुळे हा निर्णय उशिरा का होईना, रास्तच झाला. परंतु गावडा, कुणबी आणि वेळीप कुटुंबांच्या कसत्या जमिनीचा प्रश्न ज्या सभेत सुरू होतो, ती विधानसभेच्या पर्वरीत भरत नाही, गावात भरते, आणि तिच्याविषयी कोणी बोलताना दिसत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरच्या हक्कांचे दावे मागवण्याचा, पडताळण्याचा आणि त्यांवर ठराव करण्याचा पहिला अधिकार ग्रामसभेला दिला. उपविभागीय आणि जिल्हा समित्या त्यानंतर येतात. आदिवासी क्षेत्रांसाठीची राज्यघटनेची पाचवी अनुसूची गोव्यात लागू नसल्याने, अशा क्षेत्रांत वस्तीच्या पातळीवरही ग्रामसभा मानणारा १९९६ चा पेसा कायदाही येथे नाही. परिणामी ग्रामसभा म्हणजे पंचायतीची रविवारची ग्रामसभा, असाच अर्थ व्यवहारात रूढ झाला. तिथे कचरा, रस्ते आणि बांधकाम परवाने यांच्यावरची वादावादी संपेपर्यंत दुपार होते. वनहक्कांच्या ठरावासाठी मात्र निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते, आणि दावेदारांपैकीही निम्मे हजर असावे लागतात. सांगे तालुक्यातील अशा एका सभेत गणसंख्या न भरल्याने विषय पुढे ढकलला गेला, तेव्हा डोंगरावरून चालत आलेल्या म्हाताऱ्या बाया तशाच परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

कुमेरी, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती, कोणाची, कुठल्या ओहळापर्यंत होती, हे वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या लहान वस्तीवरच्या, वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. त्यांचे लेखी घेतलेले निवेदन नियमांनुसार पुरावा म्हणून चालते. अनुसूचित जमातीत नसलेल्या आणि म्हणून तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागणाऱ्या धनगर-गवळी कुटुंबांची तर सारी मदार अशाच साक्षीवर असते. ही माणसे पंचायतीच्या सभागृहात येऊन माइकवर बोलतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

केंद्रीय जनजाती मंत्रालयाने १२ जुलै २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत नेमके हेच ओळखले होते. पंचायत पातळीवरच्या सभेमुळे लहान वस्त्या वगळल्या जातात, म्हणून ग्रामसभा वाडा किंवा वाड्यांचा समूह या पातळीवर घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. तेव्हा वाड्यांची यादी आणि एक आदेश, एवढ्यावर हे काम आजही सुरू होऊ शकते. मात्र सूचना अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि अधिकारी बदलतात. म्हणून गोवा पंचायत राज कायद्यात, १९९४ च्या मूळ मजकुरातच, वाडा-ग्रामसभेचे कलम घालावे, अशी माझी मागणी आहे.

आम्हा समाजकार्यकर्त्यांचीही यात चूक आहे. मी धरून आम्ही सगळे वर्षानुवर्षे दाव्यांचे अर्ज भरत बसलो. कलमाचा मसुदा घेऊन आमदारांच्या दारात कधी बसलो नाही.

काहीजण म्हणतात की गावकर आणि बुधवंत हे वाड्याचे परंपरागत प्रमुख असताना वेगळी ग्रामसभा कशाला. जुन्या अधिकाराचा मान ठेवूनही मला हे पटत नाही. धालो या बायकांच्या लोकनृत्याचा मांड, म्हणजे त्याची जागा, बायकांची खरी, पण मी पाहिलेल्या वाड्यांवर जमिनीचा निवाडा पुरुषांच्या बैठकीतच होतो, आणि एक तृतीयांश महिलांच्या उपस्थितीची वनहक्क नियमांतील अट तिथे फारच उपयोगाची आहे.

सांगे, केपे, काणकोण, सत्तरी आणि धारबांदोडा या पाच तालुक्यांपासून वाड्यांची यादी सुरू करता येईल. सभेची वेळ मात्र वाड्यालाच विचारून ठरवावी. काजूच्या हंगामात सकाळी सभा ठेवली, तर तिथे तलाठ्याखेरीज कोणी सापडणार नाही.

आपली,
एक समाजकार्यकर्ती, केपे