मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानदार काकांना, जाहीरपणे

काका,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुमच्या लक्षात नसेल आणि तुमचं मी इथे लिहिणार नाही, कारण दुकानाची जाहिरात केलीस म्हणून तुम्हीच ओरडाल. ६० हजारांत गेमिंगचा कॉम्प्युटर बसवायचाय, मॉनिटर घरी आहे, असं सांगणारी डोंबिवलीची मुलगी, सोबत उंच भाऊ. एवढ्यावरून ओळख पटावी. पीसी उभा राहिला, काका. फोनवर कळवता आलं असतं, पण दुकानात गर्दी असताना तुम्ही "अरे वा, छान" म्हणून फोन ठेवला असतात, आणि माझं बोलणं तसंच राहिलं असतं. म्हणून हे चारचौघांत.

आधी थोडा राग ओकून घेते. तुमच्याकडे येईपर्यंत आमच्या स्टेशनाजवळची आणि तुमच्याच रस्त्यावरची बरीच दुकानं पालथी घालून झाली होती. सगळीकडे तोच खेळ. प्रश्न मी विचारायचा, उत्तर दादाला मिळायचं. दादा केटरिंगमध्ये आहे. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध ऑर्डरचं बिल छापण्यापुरता, आणि तो आला होता खोकी उचलायला. मी म्हणायचे, "बी५५० मदरबोर्ड आहे का?" की समोरचा दादाकडे बघून, "भाई, बजेट काय आहे आपलं?" दादा बिचारा माझ्याकडे बोट दाखवायचा. तरी पुढचं वाक्य पुन्हा "भाई"नेच सुरू.

एका दुकानात तयार 'गेमिंग पीसी' दाखवला. पुढून काच, आत चार रंगीत पंखे, किंमत माझ्या बजेटच्या जरा खाली. प्रोसेसर कुठला, विचारलं. "आय-सेव्हन आहे, अजून काय पाहिजे?" कितवी पिढी, विचारलं. "आय-सेव्हन म्हणजे टॉपच असतो, भाई." स्क्रीनवर उघडायला लावलं तेव्हा तो ३७७० निघाला, म्हणजे २०१२ सालचा. जोडीला जीटी ७३०, २०१४ मध्ये आलेलं आणि तेव्हाही खेळण्यासाठी कुणी मुद्दाम घेत नसे असं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग. पंखे मात्र नवे कोरे. वर, बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के सुटतील म्हणे. मग वॉरंटीचं काय? "मी बसलोय ना."

ऑफिसातल्या जाणकारांची तऱ्हा निराळी. माझे ६० हजार त्यांना बजेट वाटतच नव्हते, बोली वाटत होती. अजून पाच टाक, वरचं कार्ड बसेल. आता एवढं कार्ड घेतेस तर प्रोसेसर मागे पडेल, अजून आठ टाक. असं करत यादी १ लाख १० हजारांवर गेली. त्यात प्रोसेसर पाण्यानं थंड ठेवणारा वॉटर कूलर, आणि भविष्यात लागेल म्हणून ८५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. भविष्यात मला होम लोनही लागणार आहे, त्याची कुणाला फिकीर नव्हती.

तीच यादी घेऊन मी तुमच्या काउंटरवर आले. तुम्ही यादी वाचलीत, खाली ठेवलीत, आणि मलाच विचारलंत, "ताई, मॉनिटर कुठला आहे?" माझा २४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झचा. घरून काम चालू होतं तेव्हा घेतलेला. तुम्ही म्हणालात, म्हणजे २१ लाख ठिपके रंगवायचे, १४४०पी असता तर ३७ लाख. आणि हा पडदा सेकंदाला ७५ चित्रांवर एकही जास्तीचं दाखवणार नाही, मग त्यापुढच्या चित्रांचे पैसे कशाला? इतक्या जणांनी इतकं शिकवलं, पण हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. तुम्ही कोटेशनचं पॅड ओढलंत आणि लिहायला लागलात. दोन ओळी झाल्या, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि बी५५० बोर्ड. मी मान वाकडी करून वाचायला बघत होते. तुम्ही वर पाहिलंत, काही न बोलता पॅड फिरवून माझ्याकडे सरळ केलंत, आणि पुढची अख्खी यादी तुमच्या बाजूने उलटी लिहिलीत. अक्षर लहान मुलासारखं वेडंवाकडं येत होतं. आरएक्स ६६०० हे कार्ड लिहिताना इंग्रजी सहाचा नऊ झाला, तो तुम्ही गिरवून परत सहा केलात. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. लिहून झाल्यावर पेन आडवं करून पॅडवर ठेवलंत, टोक तुमच्याकडे, आणि म्हणालात, "पैसे तुमचे आहेत. नको ते खोडा."

काका, मी नोकरी करते, भाडं भरते, टॅक्स भरते. तरी त्या रस्त्यावर माझ्याच पैशांच्या कागदाकडे मला सरळ बघू देणारे तुम्ही पहिले. दादाच्याही ते लक्षात आलं होतं. ट्रेनमध्ये मांडीवर कॅबिनेट घेऊन बसला होता, मध्येच म्हणाला, "तो माणूस उलटं काय भारी लिहीत होता गं."

तुम्ही मला स्वस्तात दिलं असं कुणाला वाटायला नको. काही वस्तू तुम्ही महाग घ्यायला लावल्यात. यादीतला वेगळा कूलर काटला, कारण ५६०० च्या डब्यात पंखा येतोच आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो. रॅम मात्र १६ जीबीची एक नको, ८ च्या दोन घ्या, प्रोसेसर दोन्हींतून एकदम वाचतो, म्हणालात. आणि एसएमपीएसवर अडून बसलात. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणारा ४५० वॅटवाला उचलून माझ्यासमोर धरलात आणि स्टिकरवरच्या १२ व्होल्टच्या रकान्यावर नख ठेवलंत. "किती अँपिअर? करा गुणाकार." १६ अँपिअर. बारा सोळे १९२. बाहेर मोठ्या अक्षरात ४५० छापलेला डबा, आणि कार्ड-प्रोसेसर ज्या लाइनवर चालतात तिथे २०० वॅटसुद्धा नाहीत. मग शेजारी ५५० वॅटचा ठेवलात, ८० प्लस ब्राँझवाला. तिथे ४५ अँपिअर. तो गुणाकार मी तोंडीच केला, ५४०, आणि तुम्ही नुसतं हसलात. ब्राँझचा शिक्का बघून मी खूश झाले, तर तेवढ्यावर भुलू नका म्हणालात. निम्म्या भाराला निदान ८५ टक्के वीज कामी येते आणि बाकीची उष्णतेत जाते, एवढंच तो सांगतो. आतला माल कसा आहे हे त्यावरून कळत नाही. स्वतःच्या दुकानातल्या डब्यावरच्या शिक्क्याबद्दल असं बोलणारा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता. ८५० वॅटचं काय, तर माझं कार्ड १३२ वॅटचं. एएमडी स्वतः त्याला ४५० वॅटचा पुरे म्हणते. तो विषय तिथेच मिटला.

आणि निघता निघता, पैसे देऊन झाल्यावर, "घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे ना?" आमची इमारत जुनी. वायरमन बोलावला, त्यानं बोर्ड उघडला, तर वरच्या जाड भोकाला मागून तारच जोडलेली नव्हती. घरमालकानं इतकी वर्षं तीन भोकांचं दोनावर भागवलं होतं. या चौकशीतून तुम्हाला एक रुपया मिळणार नव्हता.

जोडणीचं पुराण लावत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. बिलाच्या मागे तुम्ही लिहून दिलेल्या दोन ओळी तेवढ्या सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. मॉनिटरची केबल बोर्डात नाही, कार्डात लावायची. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमला पूर्ण वेगानं चालवणारं एक्सएमपी चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम पैसे पूर्ण घेऊन कमी वेगावर चालत राहते आणि कुणाला कळतही नाही. या दोन ओळीही सरळ माझ्याकडून वाचता येतील अशाच लिहिलेल्या होत्या. त्या वेळी गर्दी आणखी वाढली होती.

आमच्याकडच्या पोस्टात एक बाई आहेत. म्हाताऱ्या माणसांना पासबुकातली शिल्लक त्या मोठ्यानं सांगत नाहीत. खिडकीतून पासबुक बाहेर सरकवतात आणि आकड्यावर बोट ठेवतात, रांगेतल्या दहा जणांना कळू नये म्हणून. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नसणार. त्यांना पाहिलं की मला बरं वाटतं, आणि आता तुमचीही आठवण येते. दोघांनाही समोरच्या माणसाला काय दिसतंय हे दिसतं. बाकीच्यांचं मला कोडं पडतं. पॅड फिरवायला किती वेळ लागतो? त्या "भाई"वाल्या दुकानांनी एकदा माझ्याकडे बघून उत्तर दिलं असतं, तर त्यांचं गिऱ्हाईक गेलं नसतं. माझे ५८ हजार आणि वर काही शे कुणाच्या तरी गल्ल्यात जाणारच होते.

दादानं परवा पहिल्यांदा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळून पाहिला आणि पहिल्याच वळणावर भिंतीत घातली. आता रोज रात्री जेवण झाल्यावर खुर्ची पकडून बसतो. त्याला उठवायचं कसं, ते तुम्ही कोटेशनमध्ये लिहून दिलं नाहीत.

एक आगाऊपणा केलाय. माझ्या मावसबहिणीला तुमचा पत्ता दिला. ती आर्किटेक्चरला आहे, तिला गेम खेळायचे नाहीत, थ्रीडी मॉडेलं फिरवायची आहेत. तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी तिलाही ८५० वॅट सांगितलेच आहेत. मॉनिटर तिनं अजून घेतलेला नाही, त्यामुळे तुमचा पहिलाच प्रश्न अडणार. बजेट ७५ हजार, मॉनिटर धरून, आणि ते वाढणार नाही, मावशीनं बजावलंय. ती भरभर बोलते आणि मध्येच विषय बदलते, तेवढं सांभाळून घ्या. रविवारी तुमचं बंद असतं हे सांगितलंय, शनिवारी दुपारनंतर येईल.

तुमची,
डोंबिवलीची ताई